निदान झालं, आता शिकायचं आई-बाबांनी

मुलाला ऑटिझम आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की कोकणातल्या घरात फोनाफोनी सुरू होते. मुंबईच्या काकांना, पुण्याच्या मावशीला, ओळखीतल्या कुणाच्या तरी डॉक्टर सुनेला. कुणी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालून येतं. आजी ठामपणे सांगते, "ह्येचो बापूसपण उशिराच बोलूक लागलेलो." यात कुणाचाच हेतू वाईट नसतो. पण या गडबडीत आई-बाबांच्या हातात पडते ती एक फाईल आणि एक सल्ला: थेरपी सुरू करा. ती थेरपी असते चिपळूणला किंवा रत्नागिरीला, सावंतवाडीकडच्यांना पणजी जवळ पडते, आणि एसटीने जाऊन-येऊन पाऊण तासाच्या सेशनसाठी अख्खा दिवस मोडतो. आठवड्यातून एकदा जमलं तरी पुष्कळ. मग उरलेले सहा दिवस घरी काय करायचं, हे नीट बसून सांगायला कुणाला वेळ नसतो. हा लेख मुख्यतः त्या सहा दिवसांसाठी आहे.

आधी ऑटिझम म्हणजे काय ते पाहू. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. मेंदूची वाढच थोड्या वेगळ्या वाटेने होते, आणि ती सुरुवात जन्माच्या आधीच झालेली असते. त्यामुळे दोन बाबतींत फरक दिसतो. एक, इतरांशी देवाणघेवाण: नाव घेतल्यावर न वळणं, बोटाने दाखवून "ते बघ" न करणं, बोलणं उशिरा येणं किंवा ऐकलेलंच पुन्हा पुन्हा बोलणं. दुसरं, तेच-तेच करण्याची ओढ आणि संवेदनांमधला फरक: चाक फिरवत राहणं, वस्तू रांगेत लावणं, मिक्सरच्या आवाजाने कान झाकणं. काही मुलं दीड वर्षापर्यंत चार शब्द बोलतात आणि मग तेही बंद होतात. आई-बाबांना सर्वांत जास्त धक्का बसतो तो याचा. प्रत्येक मूल वेगळं असतं. कुणी कधीच बोलत नाही, कुणी इंजिनिअर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगात साधारण 127 माणसांत एकाला ऑटिझम होता, म्हणजे मोठ्या शाळेच्या पटावर असं एखाद-दुसरं मूल असणारच. त्याला बऱ्याचदा "हट्टी" किंवा "मंद" ठरवलेलं असतं, एवढंच.

हे का झालं, हा प्रश्न रात्री झोपू देत नाही. तेव्हा स्पष्टच सांगतो: आईच्या वागण्याने हे झालेलं नाही. लिओ कॅनर या डॉक्टरांनी 1943 मध्ये अकरा मुलांचं वर्णन करून ऑटिझमला वैद्यकात जागा दिली. त्यानंतर पुढची दोन-तीन दशकं "थंड, मायाहीन आयांमुळे असं होतं" हा सिद्धांत मोठमोठ्या तज्ज्ञांनी मिरवला. तो पार चुकीचा ठरला. आज ज्ञात कारणांत सर्वांत मोठा वाटा आनुवंशिकतेचा आहे. लसींमुळे ऑटिझम होतो, हेही तसंच चुकीचं. 1998 मध्ये लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा एक शोधनिबंध 'द लॅन्सेट' या नियतकालिकात आला होता. त्यातली लबाडी उघडकीला आल्यावर 2010 मध्ये तो मागे घेतला गेला. तेव्हा धाकट्याची लस चुकवू नका. आणि मोबाईल? मोबाईलमुळे ऑटिझम होतो असं म्हणायला भक्कम आधार नाही. पण मूल चार तास स्क्रीनला चिकटलेलं असेल तर ते चार तास माणसांशी देवाणघेवाण होत नाही, आणि या मुलांना गरज नेमकी त्याचीच असते. म्हणून स्क्रीन कमी करा, पण "मीच मोबाईल दिला म्हणून झालं" हा दोष स्वतःला लावून घेऊ नका.

निदानाची कोणतीही रक्ततपासणी किंवा स्कॅन नसतो. मुलाशी खेळून, त्याला पाहून आणि तुम्हाला विचारून निदान होतं. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी वीस प्रश्नांची एक चाळणी आहे, 'एम-चॅट' नावाची. तिच्यातून फक्त शंका कळते, निदान होत नाही. आपल्याकडे प्रमाणपत्रासाठी वापरली जाते ती 'इसा' ही भारतीय मोजपट्टी. तिच्यात 40 मुद्दे आहेत आणि 70 पासून पुढे ऑटिझमच्या श्रेणी सुरू होतात. हा आकडा आजच्या मुलाचा आहे. तो बुद्ध्यांक नाही आणि भविष्यही नाही. दोन शेजाऱ्यांनी गुणपत्रिकेसारखे आकडे ताडून पाहण्यात तर काहीच अर्थ नाही. निदानाच्या सुमारास कानाची तपासणी मात्र झालीच पाहिजे. हाकेला न वळणारं मूल बहिरंही असू शकतं, आणि घरातल्या भांड्याच्या आवाजाला दचकतं म्हणून "कान चांगले आहेत" असा निष्कर्ष काढता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. थेरपिस्टच्या खोलीत मूल आठवड्यातून तासभर असतं आणि घरच्यांसोबत उरलेला सगळा वेळ. तरी आपण पैसे, प्रवास, आशा हे सगळं त्या तासावर लावतो. माझ्या मते हे उलटं आहे. निदानानंतरचा पहिला खर्च आणि पहिली खटपट आई-बाबांच्या शिकण्यावर व्हायला हवी. थेरपिस्ट जवळ नसलेल्या कोकणात तर हे जास्तच लागू आहे.

याचा पुरावा आपल्याच किनाऱ्यावर आहे. गोव्यातल्या 'संगत' या संस्थेत आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत मिळून एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2016 मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त छापून आले. दोन ते नऊ वर्षांची 65 मुलं होती. डॉक्टर किंवा स्पीच थेरपिस्ट नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्य कार्यकर्त्यांनी आई-बाबांना सहा महिन्यांत बारा सत्रांत शिकवलं. पद्धत अशी: पालकाने मुलाशी खेळायचं, त्याचं व्हिडिओ चित्रण करायचं, आणि मग कार्यकर्ती आणि पालक यांनी ते एकत्र पाहायचं. चुका काढायला नाही. "इथे बघा, तुम्ही थांबलात आणि त्याने तुमच्याकडे पाहिलं" असे क्षण शोधायला. परिणाम असा की आई-बाबा मुलाच्या कलाने बोलू लागले आणि मुलं स्वतःहून पालकांशी संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं. एका मोजमापात, दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर टिकण्याच्या वेळेत, उलट घट दिसली. चाचणीही लहान होती. पण इथल्यासारख्या घरांमध्ये, तज्ज्ञांशिवाय हे शिकवता येतं, एवढं तिने दाखवलं. जागतिक आरोग्य संघटनेचाही याच विचाराचा कार्यक्रम आहे, नऊ गटसत्रं आणि तीन गृहभेटींचा. तो खास पालकांसाठीच बेतलेला आहे.

"मुलाच्या कलाने बोलणं" म्हणजे नेमकं काय? समजा, साडेतीन वर्षांचा मुलगा पडवीत पालथी घातलेली खेळण्यातली गाडी घेऊन बसलाय आणि एक चाक फिरवतोय. आपण सहज काय करतो? "अरे, गाडी सरळ कर. चालव ना! हा कुठला रंग? लाल म्हण. लाआल." चार वाक्यांत तीन हुकूम आणि एक परीक्षा. मुलगा पाठ फिरवतो. आता दुसऱ्या तऱ्हेने. त्याच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला, खाली बसा. त्याचा हात जिथे आहे तिकडे बघा. आपलंही एखादं चाक घ्या आणि फिरवा. "गरगर." एवढंच. तो फिरवेल तेव्हा पुन्हा "गरगर". मग चाक थांबलं की गप्प बसा. मनात दहापर्यंत मोजा. हे दहा आकडे मोजणं फार जड जातं, करून पाहा. बऱ्याचदा पाचव्या-सहाव्या दिवशी केव्हातरी तो चाक थांबवून तुमच्या तोंडाकडे बघतो, आता "गरगर" येणार का म्हणून. ते बघणं हाच संवाद. शब्द त्याच्यामागून येतात, आले तर.

स्वयंपाकघरातलंही असंच. मूल तुमचं मनगट धरून बिस्किटाच्या डब्यापाशी नेतं, आणि आपण मायेने चटकन पुडा फोडून देतो. त्याऐवजी डबा पारदर्शक ठेवा, झाकण जरा घट्ट. बिस्कीट अर्धं मोडून द्या. मग हातात डबा धरून थांबा. त्याने डब्याकडे आणि तुमच्याकडे पाहिलं, बोट केलं, "बी" असा आवाज काढला, काहीही चालेल. लगेच "बिस्कीट!" म्हणत उरलेला अर्धा तुकडा द्या. रडेपर्यंत ताणू नका. मागायला लावणं हा खेळ आहे, शिक्षा नाही. दिवसात अशा वीस संधी असतात: अंघोळीचा तांब्या, झोपाळ्याचा झोका, चप्पल, गूळ. वेगळा वेळ काढायची गरज नाही, आणि भाताला पाणी ठेवून आलेल्या आईला तो मिळतही नाही.

बोलत नसेल तर फोटो किंवा चित्रं वापरा. पाण्याचा, एसटीचा, आजीचा फोटो मोबाईलवर काढून छापा, पुठ्ठ्यावर चिकटवा. "चित्रांची सवय लागली तर बोलणारच नाही" ही भीती सगळीकडे ऐकू येते. अभ्यासात तसं आढळत नाही. उलट काहींचं बोलणं त्याने सुधारतं. आणि भाषा घरातलीच ठेवा. मालवणी असेल तर मालवणी, कोकणी मुसलमानांच्या घरात त्यांची बोली. "एकच भाषा बोला, तीही इंग्रजी" असा सल्ला अजून दिला जातो, त्याला आधार नाही. ज्या भाषेत आजी लाड करते तीच काढून घेतली तर मुलाशी बोलणारी माणसंच कमी होतात.

आता रडण्या-ओरडण्याचं. हट्ट आणि कोसळणं यांत फरक करायला शिकावं लागतं. हट्ट करणारं मूल तुमच्याकडे बघत रडतं आणि गोष्ट मिळाली की थांबतं. कोसळलेल्या मुलाला गोष्ट दिली तरी थांबता येत नाही, कारण आवाज, उजेड, गर्दी, बदललेला बेत यांचा भार त्याच्या सोसण्यापलीकडे गेलेला असतो. त्या वेळी समजावणं आणि फटका दोन्ही निरुपयोगी. माणसं बाजूला करा, आवाज कमी करा, जवळ राहा, बोलू नका. नंतर शांतपणे आठवा: याच्या आधी काय घडलं होतं? आठवडाभर वहीत टिपून ठेवलंत तर बहुतेक वेळा धागा सापडतो.

कोकणात या परीक्षेचं नाव गणपती. एरवी चार माणसांचं घर, त्यात पंधरा चाकरमानी उतरतात. झांजा, टाळ्या, फटाके, अंगाखांद्यावर उचलून पापे घेणारे मामा. दहा दिवस आधीपासून मागच्या वर्षीचे फोटो रोज दाखवा: मूर्ती, आरती, पाहुणे, मग विसर्जन आणि पुन्हा शांत घर. शेवटचं चित्र विसरू नका. हे संपणार आहे हे त्याला कळायला हवं. मागची एक खोली त्याची म्हणून ठेवा. कान झाकणारे हेडफोन चालतात, चार लोक बोलले तरी. आरतीला पूर्ण वेळ उभं राहायची सक्ती नको. प्रसादाला आला तरी आला. पाहुण्यांना आल्या-आल्या एका वाक्यात सांगा, "त्याला एकदम उचलू नका, तो आला तर येऊ दे." शिमग्यात पालखी दारी येते तेव्हाही हेच.

खाण्याबद्दल थोडक्यात. फक्त पेज आणि पापड खाणारी, किंवा सुकी मासळी भाजायला घेतली की ओकारी काढणारी मुलं असतात. ते नखरे नसतात. वास आणि पोत त्यांना खरंच तीव्र लागतात. नवा पदार्थ ताटाच्या कडेला ठेवा, खायची सक्ती न करता. फारच मोजके पदार्थ उरले, वजन वाढत नसेल किंवा शौचाला खडा होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. झोपेचा त्रास आणि फिट्स या मुलांत जास्त आढळतात, तेही अंगावर काढू नका.

पुढचा मुद्दा कुठल्याच फाईलमध्ये लिहिलेला नसतो आणि इथे तो सर्वांत महत्त्वाचा आहे: पाणी. ऑटिझम असलेली पुष्कळ मुलं न सांगता घराबाहेर निघून जातात, आणि अनेकांना पाण्याची विलक्षण ओढ असते. परदेशांतल्या आकडेवारीत या मुलांच्या अपघाती मृत्यूंमध्ये बुडणं हे मोठं कारण आहे. आपल्या घराच्या मागे विहीर, खाली पऱ्या म्हणजे ओढा, पुढे खाडी. कित्येक बागांतल्या विहिरींना कठडाच नाही. तेव्हा आधी जाळी बसवा, शेजाऱ्याच्या विहिरीवरही, मग थेरपीची चौकशी करा. दाराला मुलाच्या हाताला न लागेल इतकी उंच कडी लावा. शेजारी, रिक्षावाले, खाडीवरचे होडीवाले यांना मुलाचा फोटो आणि तुमचा नंबर द्या, आणि हा हाकेला ओ देणार नाही हे सांगून ठेवा. मूल दिसेनासं झालं तर घरातल्या खोल्या नंतर बघा, आधी पाण्याकडे धावा. आणि पोहायला शिकवा. गावात शिकवणारे असतात, आणि या मुलांना पाण्यात बहुधा मजाच येते.

इलाजांच्या बाजारात पाय ठेवण्याआधी एक खूणगाठ बांधा. ऑटिझम "मुळापासून घालवणारं" औषध आज जगात नाही. चिडचिड किंवा स्वतःला इजा करणं फार असेल तर डॉक्टर काही औषधं देतात. ती त्या त्रासापुरती असतात. रक्तातले धातू काढणं धोक्याचं आहे. ऑक्सिजनच्या बंद पेटीत बसवण्याने ऑटिझमला गुण येतो असं सिद्ध झालेलं नाही. स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, टोचण्याचे लाखो रुपये घेणारे आहेत. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने ऑटिझमसाठी हा उपचार करू नये असं सांगितलं. आंब्याची कलमं गहाण टाकून कुणी हे करायला निघालं असेल तर त्याला अडवा. देवाला गाऱ्हाणं घालायला माझी हरकत नाही, त्याने आजीला धीर येतो. पण बाधा उतरवायच्या नावाखाली मुलाला धूर देणं, चटके, मारहाण हे होत असेल तर तो गुन्हा आहे.

कागदपत्रं कंटाळवाणी, पण टाळू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येतात. ती मुलाला पुढच्या तपासणीसाठी सरकारी केंद्राकडे पाठवू शकतात, तिथे उपचार मोफत असतात. जिल्हा रुग्णालयात 'शीघ्र हस्तक्षेप केंद्र' कुठे आहे ते विचारा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त ठरलं की प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) यांवर पुढच्या बहुतेक सवलती मिळतात. एसटीच्या भाड्यातल्या सवलतीची चौकशी आगारात करा. लहान वयातलं प्रमाणपत्र बहुधा मुदतीचं असतं, तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. 'निरामय' ही राष्ट्रीय न्यासाची विमा योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतची आहे आणि तिच्यात थेरपीचाही खर्च धरतात. "लोकांना कळेल" म्हणून प्रमाणपत्र न काढणारी घरं बरीच आहेत. लोकांना तसंही कळलेलं असतं.

शाळेचं म्हणाल तर जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क या मुलांना सहा ते अठरा वर्षं आहे. पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. त्यांच्याकडे अनेक शाळा असल्याने ते रोज येणार नाहीत. म्हणून वर्गशिक्षकांसाठी एका पानावर लिहून द्या: याला काय आवडतं, कशाने घाबरतो, लघवीला जायचं कसं सांगतो, बिथरला तर काय करावं. बाईंना हे पान कुठल्याही अहवालापेक्षा जास्त कामाला येतं.

आणि शिकायचं कुठे? नवी मुंबईत खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. मुंबईत 'उम्मीद' ही संस्था 2001 पासून बालविकासाचं काम करते, दिल्लीची 'ॲक्शन फॉर ऑटिझम' ऑटिझम असलेल्या मुलाच्या आईनेच उभी केली. कुठेही जा, पण एक प्रश्न विचारा: "सेशनच्या वेळी मला आत बसू देणार का, आणि घरी काय करायचं ते शिकवणार का?" नाही म्हणाले तर दुसरीकडे बघा. तालुक्यात अशीच दोन-तीन घरं शोधा. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी ओटीवर जमलात तरी खूप होतं. कुठला दंतवैद्य समजूतदार आहे, कोणता बाबू कागद अडवतो, हे तिथेच कळतं.

शेवटी, हे सगळं वाचून घरात कुणाच्या डोक्यावर पडणार, ते उघड आहे. बाप मुंबईत नोकरीला, आई गावी, सासू-सासरे म्हातारे. आईला तिसरी पाळी लावून देण्यासाठी हे लिहिलेलं नाही. दिवसातला एक तास मूल दुसऱ्या कुणाकडे असेल, हे आधी ठरवा. आजोबांना चाकाचा खेळ दाखवा, त्यांना तो आपल्याहून बरा जमतो कारण त्यांना घाई नसते. मोठ्या बहिणीला तिच्या वयाला कळेल असं सांगा आणि तिची सहल रद्द करू नका. झोप उडाली, जगणं नकोसं झालं तर 14416 हा टेली मानस क्रमांक मोफत आहे. आणि मुंबईतल्या बाबांनी रोज "आज काय बोलला?" असं विचारणं सोडून गावाहून पाच मिनिटांचा खेळतानाचा व्हिडिओ मागवावा. तो दोनदा बघावा, आणि त्यात मुलाने आईकडे कुठल्या सेकंदाला पाहिलं ते तिला फोन करून सांगावं.